श्रीमंत नवऱ्याच्या शोधकथा? आधी तेव्हाचा कायदा बघा

एक विधान सगळीकडे फिरतंय: फॅनी बर्नीपासून ब्राँटी भगिनींपर्यंत इंग्रजी लेखिकांनी लिहिलं ते फक्त श्रीमंत नवरा पटकावण्याबद्दल, नायिका स्वतः कमवत नाहीत, त्यांना स्वातंत्र्य नकोच होतं, लग्न हीच त्यांची सुटका, आणि लेखिकाही सुखवस्तू घरच्या, हौशी.

नायिका कमवत नाहीत, हे साफ चूक. बर्नीच्या ‘द वाँडरर’मधली (१८१४) ज्युलिएट हार्प शिकवते, शिवणकाम करते, टोप्यांच्या दुकानात राबते. तिचं कुठे अडतं? उच्चभ्रू शिष्या फी थकवतात आणि ती मागणं बाईला शोभत नाही, असं मानलं जातं. कामाची लाज नव्हे, वसुलीची अडचण तिला बुडवते.

लग्न म्हणजे सुटका, हा तर सर्वांत कच्चा मुद्दा. त्या काळच्या इंग्लंडात लग्न होताच बाईची कमाई नवऱ्याची होई, मुलांवर हक्कही त्याचाच. म्हणून ॲन ब्राँटीच्या ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’मधली (१८४८) हेलन एवढी काळजी का घेते, ते कळतं. नवरा तिची डायरी वाचतो, पळून जाण्याचा बेत ओळखतो, रंग आणि चित्रकलेचं साहित्य जाळून टाकतो. तरीही ती मुलाला घेऊन निघते, आईचं माहेरचं आडनाव लावते आणि चित्रांवर खोटी स्थळनावं लिहून ती लंडनला विकायला पाठवते. गोष्ट १८२७ सालची आहे. सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा आईला कोर्टात मागता येईल असा कायदा आला १८३९ मध्ये; विवाहितेची कमाई तिचीच, हे ठरायला १८७० उजाडलं. पकडली गेली असती, तर मूलही गेलं असतं आणि चित्रांचे पैसेही.

लेखिका हौशी? शार्लट स्मिथचा नवरा कर्जापायी तुरुंगात गेला. १७८७ मध्ये ती त्याच्यापासून वेगळी झाली आणि कादंबऱ्या लिहून तिने पोरांचं पोट भरलं. तरी त्या कमाईवर कायद्याने हक्क त्याचाच होता!

शेवटी लग्नं होतात, हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. पण शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मधली जेन प्रियकर रॉचेस्टरकडे परतते ती वारशाच्या २०,००० पौंडांचे चार वाटे करून, स्वतःचे ५,००० हाती ठेवून. शार्लट ब्राँटीच्याच ‘व्हिलेट’मधली (१८५३) ल्यूसी स्नो तर शाळा चालवते. शाळेची जागा तिच्या प्रियकराने, पॉल इमॅन्युएलने, मिळवून दिलेली असते, पण पुढे हाती आलेले १०० पौंड लावून शेजारचं घर घेते आणि शाळा वाढवते ती ल्यूसीच. पॉल समुद्रातल्या वादळातून परत येतो की नाही, हे कादंबरी स्पष्ट सांगत नाही. शाळा भरभराटीला आली, हे मात्र स्पष्ट सांगते.