परदेशातून : पतसंस्थांचे ताळेबंद उघडे करा

२०२३ पासून बीड आणि छत्रपती संभाजीनगर भागात पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांची शटरं एकामागून एक खाली आली. तेव्हापासून गावाकडून फोन आला की विषय ठरलेला आणि त्यावरचा निकालही ठरलेला: "जास्त व्याजाचा लोभ नडला." माझे मामा हेच म्हणतात, कॉलेजच्या ग्रुपवर सीए झालेले मित्र हेच लिहितात, आणि आता तर ज्यांचे पैसे अडकले तीच माणसं दबक्या आवाजात स्वतःलाच दोष देऊ लागली आहेत. मला हा निकाल साफ नामंजूर आहे. मी माजलगावची. इंग्लंडच्या उत्तरेकडे एका विद्यापीठात हिशेबशास्त्र आणि कॉर्पोरेट गव्हर्नन्स, म्हणजे संस्थांचा कारभार आणि त्यावरची देखरेख, शिकवते. संचालक मंडळी संस्थेचा पैसा आपल्याच माणसांकडे कसा वळवतात, यावर माझं संशोधन आहे. पैसा कसा गेला हे शोधताना आम्ही कर्ज कोणी मंजूर केलं, कोणाला दिलं आणि कोणी तपासलं हे आधी बघतो. ठेवीदाराचा नंबर फार मागे लागतो.

माझ्या मावशीचंच घ्या. काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. त्यांची ग्रॅच्युइटी आणि कापसाचे साठवलेले पैसे मावशीने तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मुदत ठेवीत टाकले. टाकण्याआधी चौकशी केली. दारावरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक होता, त्याखाली ठळक अक्षरात 'ऑडिट वर्ग अ', म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग. आत व्याजदराचा तक्ता, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा. रोज पिग्मी गोळा करायला येणारा मुलगा गल्लीतलाच, बी.कॉम. झालेला, त्याच्या आईचेही पैसे तिथेच. बँकेत पासबुक भरून घ्यायला अर्धा दिवस मोडतो, इथे बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी मिळायचं. याहून जास्त तिने काय तपासायचं होतं? लेखापरीक्षकाने दिलेला वर्ग तिने वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. लेखापरीक्षण असतंच त्यासाठी.

आता कारभाराकडे बघू. ठेवीदाराला पुष्कळदा नुसतं नाममात्र सभासद करून घेतात, आणि नाममात्र सभासदाला मताचा अधिकार नसतो. म्हणजे पैसा ज्याचा, त्यालाच कारभारात तोंड नाही. मत भागधारकाला, आणि कर्ज घ्यायचं तर भाग घ्यावे लागतात, म्हणून भागधारकांत कर्जदारांचा भरणा. सप्टेंबरातली वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा, आयत्या वेळी येणारे विषय मा. अध्यक्षांच्या परवानगीने. मधले सगळे 'मंजूर, मंजूर'च्या गजरात उरकतात आणि मंडळी जेवणाकडे वळतात.

त्याच सभेत वाटलेल्या अहवालाच्या मागच्या पानांत एक लहानसा तक्ता असतो: संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील कर्जे, आणि त्यातली थकबाकी. माझ्या सगळ्या शास्त्राचा जीव त्या तक्त्यात आहे. तो कोरा असेल तर खूश होऊ नये. कर्ज संचालकाच्या ड्रायव्हरच्या किंवा भागीदाराच्या नावावर गेलंय का ते बघावं. पाच वर्षांचे असे तक्ते शेजारी ठेवून एकूण कर्जवाटप, तारण आणि थकबाकी यांच्याशी ताडून पाहिले, तर बुडण्याच्या कितीतरी आधी काही ना काही हाताला लागतं. मावशीच्या पतसंस्थेचे हे आकडे सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या निबंधकाच्या कार्यालयात दरवर्षी जातच होते. ते कोणी एकत्र वाचले नाहीत, आणि बाहेरच्या कोणाला वाचायला मिळालेही नाहीत.

ब्रिटनमध्ये बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे घरकर्जं देणाऱ्या, सभासदांच्या मालकीच्या बचत संस्थेत, बचत खातं असणाऱ्याला साधारणपणे सभासद म्हणून मत असतं. आपल्या पतसंस्थेच्या सगळ्यात जवळची संस्था म्हणजे क्रेडिट युनियन. तिची वार्षिक पत्रकं वित्तीय नियामकाच्या सार्वजनिक नोंदवहीत असतात, कोणीही घरबसल्या फुकट उतरवून घ्यावीत. तिथल्या ठेवींना बँकेच्या ठेवींसारखंच विम्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे २०२० मध्ये ठेव विमा १ लाखावरून ५ लाखांवर गेला. तो सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. मावशीला हे पैसे अडकल्यावर कळलं.

म्हणून ब्रिटनमधलं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं मुळीच नाही. जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही बांधकाम कंपनी कोसळली तेव्हा देणी जवळपास ७०० कोटी पौंडांची होती आणि हाताशी रोकड २.९ कोटी. केपीएमजी ही बडी ऑडिट कंपनी एकोणीस वर्षं तिचं ऑडिट करत होती. पण पुढच्या चार महिन्यांत संसदेच्या समित्यांनी संचालकांना आणि ऑडिटरांना समोर बसवून अहवाल छापला, आणि २०२३ मध्ये केपीएमजीला २.१ कोटी पौंडांचा दंड झाला. उशीर झालाच, पुरवठादार भरडले गेलेच. तरी काय चुकलं याची कागदपत्रं आज माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर असतात. आपल्याकडे सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी होते, ८८ खाली जबाबदारी निश्चित होते, पण बीडच्या किंवा परभणीच्या वाणिज्य महाविद्यालयात त्यातला एक कागद शिकवायला मिळत नाही.

संशोधनाचंही असंच आहे. आमच्या क्षेत्रात करिअर डेटावर उभं राहतं. अमेरिकेतल्या नोंदणीकृत कंपन्यांचा डेटा कधीचा तयार आहे, म्हणून जगातले बरेच अभ्यासक तिकडेच बघतात, आणि मोठी जर्नल्सही तेच मागतात. भारतीय कंपन्यांचे हिशेब 'प्रोवेस'सारख्या डेटाबेसमध्ये आले, तेव्हा २००२ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय उद्योगसमूहांत नफा एका कंपनीतून दुसरीकडे कसा सरकवला जातो ते दाखवलं. तो शोधनिबंध आजही जगभर शिकवला जातो. आकडे उघडे झाले की अभ्यासक येतात. पतसंस्थांचे आकडे बंद कपाटात आहेत, म्हणून मराठवाड्यातल्या ठेवींवर कोणी जागतिक दर्जाचं काम केलेलं नाही.

आणि नुसत्या मोठ्या नावांच्या भरवशावरही राहता येत नाही. हिशेबातल्या घोटाळ्यामुळे गाजलेल्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळावर हार्वर्डचे कृष्ण पालेपू होते, कॉर्पोरेट गव्हर्नन्समधलं मोठं नाव. डिसेंबर २००८ मध्ये त्याच मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाच्या मेटास कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. काही तासांत तो निर्णय मागे घ्यावा लागला, कारण व्यवहार जाहीर करावा लागला आणि गुंतवणूकदार खवळले.

अंबाजोगाईला वाणिज्य शिकवणारी माझी मैत्रीण म्हणते, "अगं, सगळं उघडं केलंस तर दुसऱ्या दिवशी चांगल्या संस्थेसमोरही रांग लागेल." तिची भीती खरी आहे. २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेसमोर अशाच रांगा लागल्या होत्या. पण तेव्हा पूर्ण हमी पहिल्या २,००० पौंडांनाच होती, आणि लोकांना अडचण कळली ती अचानक फुटलेल्या बातमीतून. दरवर्षी समोर येणाऱ्या आकड्यांनी अशी धावपळ होत नाही. पतसंस्थांच्या ठेवींनाही विम्याचं काहीतरी छत्र हवं, हे मात्र मी तिच्या बाजूने जोडते.

सरकार करील तेव्हा करील. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहकारी संस्था थेट माहिती अधिकाराखाली येत नाहीत असं म्हटलं, पण निबंधक येतो. त्याच्याकडची माहिती मागता येते. शिवाय सहकार कायद्याचं कलम ३२ सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं संस्थेच्या कार्यालयात फुकट बघू देतं. नांदेडच्या आणि संभाजीनगरच्या विद्यापीठांतून जिल्ह्यातल्या बँकांवर पीएच.डी. होतात, त्यांची फार हेटाळणी होते. मला तोच विषय सगळ्यात मोलाचा वाटतो, फक्त गुणोत्तरं काढून थांबू नये.

मैत्रिणीशी बोलणं झालं आहे. तिचे एम.कॉम.चे विद्यार्थी प्रत्येकी एक पतसंस्था घेतील, पाच वर्षांचे अहवाल मिळवतील आणि संचालक-नातेवाइकांच्या कर्जांचा तक्ता, थकबाकी आणि ऑडिटचा वर्ग एकाच पद्धतीने नोंदवतील. आकडे तपासून घ्यायचं काम माझं. मांडण्याजोगं काही निघालं तर तो शोधनिबंध मी इथल्या जर्नलकडे पाठवीन, आणि पहिली नावं त्या मुलांची असतील.