रुमाल टाकलेली सीट

आमच्याकडं बेळगाव-खानापूर गाडीत जागा धरायची रीत ठरलेली आहे. गाडी स्टँडात शिरली की खिडकीतून रुमाल आत टाकायचा. कुणी तो रुमाल उचलला की जागा गेली. मग खानापूरपर्यंत दारात लोंबकळत जायचं. माझ्या तोंडातही हेच झालंय, हे मला ४२व्या वर्षी कळलं.

गेलो होतो हिरडीतून रक्त येतं म्हणून. टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी कन्नडमध्ये "बाय तेगीरी" म्हटलं, मी तोंड उघडलं. मग "हा सुळा बाहेर का आलाय, ठाऊक आहे काय?" असं मराठीत विचारलं. तोंडात आरसा आणि आकडा असताना माणूस फक्त 'आ' म्हणू शकतो, आणि 'आ' दोन्ही भाषांत सारखाच. शेवटी त्यांनीच सांगितलं. दुधाची दाढ म्हणजे मागून येणाऱ्या पक्क्या दातासाठी टाकलेला रुमाल. ती वेळेआधी गेली तर मागची दाढ पुढं कलंडून जागा बळकावते. वरचा सुळा येतो उशिरा, ११-१२व्या वर्षी. तोवर गाडी भरलेली असते.

मला एकदम सगळं आठवलं. सातवं वर्ष, किडकी दाढ, दोरा, दाराची कडी आणि दार ओढणारे आमचे तात्या. दाढ कौलांवर फेकून आम्ही चुरमुरे खाल्ले होते. त्याच वयात एकदा दात दाखवले असते तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. दाखवले होते की, खरं तात्यांना.

खालचे पुढचे दात तर एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेले. तिथं ब्रश पोचत नव्हता, म्हणून कीट साचायचं आणि रक्त यायचं. थोडक्यात, दात सरळ करायचे ते फोटोसाठी नव्हे, घासायला मिळावेत म्हणून. अंगठा चोखून दात पुढं आलेला एक पोरगा बाहेर बसला होता. तो सायकलवरून पडला तर आधी दात जमिनीला टेकतील, म्हणून त्याची आई घाईला आलेली. त्या रांगेत मिशी असलेला मी एकटाच.

घरी बायको म्हणाली, "अहो, ह्या वयात क्लिपा?" आई म्हणाली, "अरे, सुळा पुढं असलेला माणूस नशीबवान असतोय." तीस वर्षं वाट बघितली, खरं नशीब काय आलं नाही.

जागा करायला चार उपदाढा काढल्या. मग दातांवर चौकोनी तुकडे चिकटवले, निळा दिवा दाखवून पक्के केले आणि त्यांतून तार ओवली. निकेल-टायटॅनियमची ही तार आपला मूळ आकार विसरत नाही. वाकवून बांधली तरी सरळ व्हायला बघते आणि दाताला सोबत ओढते. दात ज्या बाजूला रेटला जातो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं. वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. टिळकवाडीच्या रेल्वे गेटात अडकलेल्या माणसाला हा वेग ओळखीचा वाटेल.

तार धरून ठेवायला रबरी कड्या असतात, त्यांचा रंग आपण निवडायचा. शेजारच्या खुर्चीतली नववीतली पोरगी म्हणाली, "काका, पिवळा नको. पांढरासुद्धा नको, आमटीनं पिवळाच होतोय." माझी अडचण वेगळी होती. महिना ऑक्टोबरअखेरचा. १ नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव, आणि आमच्या मराठी गल्लीत काळा दिवस. कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा लावावा तर गल्लीत तोंड दाखवता येणार नाही, भगवा लावावा तर ऑफिसात. काळा लावावा तर १ नोव्हेंबरला दोन्हीकडं त्याचा अर्थ निघणार. राखाडी लावून आलो.

खाण्याचे हाल मात्र खरे. कुंदा चालतो, मांडा तर जिभेवर ठेवला की विरतो. गोकाकचा करदंटू चालत नाही. डिंक, गूळ आणि सुकामेवा मिळून त्यानं एका घासात दोन तुकडे उपटले. कडक भाकरी आमटीत बुडवून बाळाच्या पेजेसारखी खाल्ली. शेंगाचटणी खाल्ली की तारेवर अशी बसायची, की समोरचा माणूस माझ्याशी बोलता बोलता माझं जेवण मोजायचा.

२२ महिन्यांनी तार निघाली. सुळा रांगेत बसला, रक्त थांबलं, ब्रश सगळीकडं फिरू लागला. मी आरशापुढं इतका वेळ उभा राहिलो की बायकोनं दूध उतू गेल्याचं सांगितलं. खरं दातांनाही जुनी जागा आठवते म्हणे, म्हणून डॉक्टरांनी रिटेनर दिला: गुलाबी प्लास्टिकचा, पुढं तार असलेला. जेवताना तेवढा काढायचा.

तेवढाच काढला. खानापूरकडच्या एका लग्नात पंगतीला बसताना कागदी रुमालात गुंडाळून पानाशेजारी ठेवला आणि मठ्ठा प्यायला उठलो. परत आलो तर पान नाही, रुमाल नाही. मंडपामागं उष्ट्या पत्रावळींच्या ढिगात हात घालून बसलो होतो, तेवढ्यात वाढपी आला.

"एन हुडकाकत्तीरी?" काय शोधताय?

रिटेनरला कन्नडमध्ये काय म्हणायचं ते सुचेना. म्हटलं, "हल्लु." दात.

त्यानं वाकून माझ्या तोंडात नीट बघितलं.

"हल्लु अदावलरी!" म्हणाला. "आहेत की सगळे. छान आहेत."

आणि पुढच्या पंगतीच्या पत्रावळी माझ्या हातावर ओतून गेला.