‘शॉकला नवं नाव दिलंत’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

नमस्कार काका (सहीखाली ‘निवृत्त शिक्षक’ लिहिलंय म्हणून काका म्हणते, चालेल ना?),

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला. दादाला कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, त्यावर डोक्याला सौम्य वीज देऊन केलेल्या उपचारांबद्दल मी लेखात जे लिहिलं ते तुम्हाला ‘शॉकचं नवं नाव आणि मशीनवाल्यांची फुकट जाहिरात’ वाटलं. शिवाय फ्रान्समधला एक गोड निकाल सांगून बाकीचे मी गिळले, असंही तुम्ही लिहिलंत. मग तुमच्या बहिणीबद्दलचा मजकूर वाचला. भूल न देता, चौघांनी धरून दिलेले शॉक. त्यानंतर माझा राग टिकला नाही.

भुलीविना शॉक द्यायला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. भूल देऊन करतात त्या ईसीटीतही (शॉकचं डॉक्टरी नाव) मेंदूत मुद्दाम झटका, म्हणजे फिट, आणावा लागतो, आणि त्यासाठी साधारण 800 मिलिअँपिअर प्रवाह सोडतात. दादाला दिला तो 2 मिलिअँपिअरचा, टीडीसीएस म्हणतात तो. भूल नाही, झटका नाही, माणूस टक्क जागा. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक डाव्या कपाळाच्या वरच्या बाजूला, दुसरा डाव्या कानाच्या वर जरा मागे, रबरी पट्ट्याने बांधलेले. पाणी मानेवर ओघळायचं, म्हणून मी रोज पंचा न्यायचे. सुरुवातीला त्याला मुंग्या चावल्यासारखं व्हायचं, मग वीस मिनिटं तो समोरच्या कॅलेंडरवरच्या एकादश्या मोजत बसायचा.

कानामागेच का? बोललेलं ऐकून त्याचा अर्थ लावणारा भाग तिथे असतो, आणि कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात तेव्हाही तो कामाला लागलेला स्कॅनमध्ये दिसला आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी 1999–2000च्या सुमारास त्याच जागी सेकंदाला एक या संथ गतीने चुंबकाचे ठोके देऊन पाहिले. अशा ठोक्यांनी तो भाग जरा शांत होतो, हा त्यामागचा हिशेब. विजेचा उपचार त्याच वाटेने पुढे आलेला.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र लागला. फ्रान्समधल्या ल्यों शहरातली 2012ची चाचणी 30 जणांवर होती. दिवसातून दोनदा, पाच दिवस. आवाजांचा त्रास सरासरी 31 टक्के घटला. आणि मी काय लिहिलं? ‘आवाज बंद होतात.’ चूक माझी. ते वाक्य खोडलंय, पण खोडलेलं दिसेल असंच ठेवलंय. चुंबकाच्या उपचाराची नेदरलँड्समधली 62 जणांची चाचणी 2011 साली आली, तिच्यात खरा उपचार खोट्यापेक्षा, म्हणजे नुसत्या देखाव्याच्या उपचारापेक्षा, सरस ठरला नाही. विजेच्याही ऑस्ट्रेलियातल्या 2014च्या आणि अमेरिकेतल्या 2016च्या छोट्या चाचण्यांत तेच. हे मी लिहायला हवं होतं. फक्त या दोन्ही ठिकाणी प्रवाह दिवसातून एकदाच दिला होता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने दोनदा दिला, आणि त्यांच्या 25 जणांच्या 2018च्या अभ्यासात फायदा दिसला. म्हणून माझा कल अजून उपचाराच्या बाजूने आहे. पण पंचवीस-तीस माणसांच्या भरवशावर छातीठोकपणे काही सांगता येत नाही, हे कबूल.

आणि खोट्या उपचारानेही माणसांना बरं वाटतं, काका. स्पंज तसेच बांधलेले असतात, प्रवाह गुपचूप बंद केलेला. दिवसातून दोनदा कुणी आस्थेने विचारतं, ‘आज आवाज कसे आहेत?’ आमच्या घरात हा प्रश्न किती वर्षांत कुणी विचारला नव्हता!

दादाचं म्हणाल तर आमचं मोजमाप म्हणजे टीव्ही. ‘आता चहा पितोय बघ, आता उठला बघ’ असं त्याच्या प्रत्येक हालचालीवर कुणीतरी बोलत असतं, ते दाबायला तो टीव्हीचा आवाज 40च्या वर नेऊन ठेवायचा. खालच्या काकूंचा फोन ठरलेला. पाच दिवसांनंतर आकडा 22वर आला. बोलणारा होताच, पण ‘आता तो मधे थांबतो’ असं दादा म्हणाला. जेवण एका बैठकीत व्हायला लागलं. तीन महिन्यांनी आकडा पुन्हा तिशीत गेला, हेही मूळ लेखात नव्हतं. आता घातलंय.

राहिलं आवाज ऐकू येणाऱ्या तुमच्या भाच्याचं. गोळ्या थांबवून इकडे धावू नका, दादाच्याही गोळ्या एक दिवस थांबलेल्या नाहीत. दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस देऊनही आवाज हटत नसतील, तर डॉक्टरांना आधी क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा. ते सुरू केलं की पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना हे पाहायला सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात. त्या कटकटीमुळे कित्येक घरं मागे सरतात. आम्हीही दोन वर्षं घालवली त्यात.