फाशी कशी मागावी

परवा आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या बोर्डावर, टाकी धुण्याच्या नोटिशीवरच कुणीतरी एक कागद चिकटवला. ‘नराधमाला भर चौकात फाशी द्या. खाली सही करा.’ मी सही केली नाही. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, ‘‘तुमच्या घरात मुलगी नाही का हो?’’ आहे. पण माझ्यासारखी पंचाईत तुमच्यावर येऊ नये म्हणून फाशी रीतसर कशी मागायची ते सांगून ठेवतो.

पहिलं म्हणजे घाई करा. आरोपपत्र येईपर्यंत थांबलात तर राग निवतो, आणि तोवर ग्रुपवर पार्किंगचं भांडण सुरू झालेलं असतं.

चौक कोणता ते मात्र सांगू नका. दादर टीटीला आधीच ट्रॅफिक.

कुणीतरी ‘‘सौदीत बघा’’ म्हणेलच. मान डोलवा. तिथले बाकीचे कायदे आपल्या बायकांना चालतील का, हे विचारू नका.

कायद्याचंही थोडं ठाऊक असू द्या. 1980 मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ गुन्ह्यालाच द्यावी. आपल्या ग्रुपवर असे दुर्मिळातले दुर्मिळ आठवड्याला दोन तरी येतात.

फाशीला उशीर होणार असेल तर पोलिसांची गोळी चालेल, असंही म्हणून ठेवा. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारातल्या आरोपीला सप्टेंबर 2024 मध्ये मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी घातली गेली, तेव्हा मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले होते. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं, ते वाचायच्या भानगडीत पडू नका. आणि त्या चिमुरड्यांच्या घरच्यांना नुसती तक्रार नोंदवायला किती तास ठाण्यात ताटकळत ठेवलं होतं, ते तर आठवूच नका. त्याचा फलक कुणी छापला नव्हता.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. एखादा आगाऊ माणूस विचारतो, ‘‘चुकून निरपराध लटकला तर?’’ तेव्हा हसून म्हणायचं, ‘‘कोर्ट काय वेडं आहे?’’ नाशिकजवळ 2003 मध्ये दरोडा, बलात्कार आणि खून झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्याच सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांचा माग कुणी काढलाच नव्हता! भरपाई काय, तर माणशी पाच लाख. सोळा वर्षांचे पाच लाख! मुंबईत त्यात पार्किंगसुद्धा येत नाही. आणि तुमचा भर चौक झाला असता तर हे पैसे द्यायचे कुणाला? बरं, ते नाशिकचं म्हणाल, तर आपल्या लोकलचं घ्या. 11 जुलै 2006 ला लोकलच्या डब्यांत बॉम्ब फुटले, ती संध्याकाळ वेस्टर्नवाल्यांना सांगायला नको. 2015 मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. जुलै 2025 मध्ये हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथे काय व्हायचं ते होईल. पण फाशी सुनावलेल्यांपैकी एक जण 2021 मध्येच नागपूरच्या तुरुंगात मेला, त्याला कुठला निकाल कळवणार? आणि हे नसतील तर बॉम्ब ठेवले कुणी? ते इतकी वर्षं कुठे जेवतायत, कुठे झोपतायत? ज्यांची माणसं डब्यात गेली त्यांना तुम्ही 2015 साली ‘न्याय मिळाला’ म्हणून मेसेज पाठवले होते ना? आता काय पाठवणार आहात?

जाऊ दे. मला हा उपरोध आता जमत नाहीये.

फाशी मागायला तुमचं काही जात नाही, म्हणून मागता. सरकारलाही दोरखंडाची भाषा स्वस्त पडते, प्रयोगशाळेत माणसं भरायला आणि न्यायाधीश नेमायला पैसे लागतात. कलिन्याच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेतून अहवाल आला का, कोर्टात तारीख का पडली, साक्षीदार का फिरला, हे तुमच्यापैकी एकाने तरी आमदाराला कधी विचारलंय? साक्षीदार फिरतो कारण तो तुमच्यासारखाच असतो, घाबरलेला आणि ‘लफडं नको’ म्हणणारा. आपल्याच बी विंगमध्ये रात्री एक बाई मार खाते, ते सगळ्या मजल्यांवर ऐकू जातं. तुम्ही टीव्ही मोठा करता. गेल्या महिन्यात पोलीस विचारायला आले तेव्हा सगळ्या विंगला एकदम गाढ झोप लागली होती. कमिटीने वर सांगितलं, त्यांचं घरगुती आहे, सोसायटीचं नाव कशाला खराब करता. मी एकट्यानेच जबाब दिला, आणि एका जबाबावर काही उभं राहत नाही असं हवालदारसाहेब म्हणाले. तुमच्या भिंती माझ्या भिंतींपेक्षा जाड नाहीत. पोलीस ठाणं चोवीस तास उघडं असतं, जा आणि काय ऐकलंत ते सांगून या.