घरातल्या कुत्र्या-मांजराला लस कशाला? म्हणून सांगतो

‘घराबाहेर न जाणाऱ्या कुत्र्या-मांजराला लस लागत नाही, आईच्या दुधातून ताकद मिळते, देशी जनावर काटकच असतं, दरवर्षीची इंजेक्शनं हा निव्वळ धंदा’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. तो वाचून लोक खरंच पिल्लांच्या लसी टाळतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

घराबाहेर जात नाही, मान्य. पण तुम्ही जाताच ना? पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आतड्यांच्या रोगाचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतो, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलेच्या तळव्याला लागून घरात येतो. साध्या फिनाइलला तो दाद देत नाही, ब्लीच लागतं. मांजरांना होणारा पॅनल्यूकोपेनिया हा रोग त्याचाच सख्खा भाऊ. पार्व्हो झालेलं पिल्लू आधी खाणं सोडतं, मग उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. मग सलाइन लावून त्याचं शरीर तग धरेल अशी आशा करायची, एवढंच बहुतेक वेळा हातात उरतं.

दुधाचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तोच जास्त घातक. पहिल्या चिकातून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, मिळतात, पण आईकडे असली तर. काही आठवड्यांत ती ओसरतात, आणि असतात तोवर लसीलाही निकामी करतात. कोणत्या पिल्लात ती कधी संपतील हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. ‘पंचेचाळीस दिवसांचं आहे, सगळ्या लसी झाल्यात’ असं विकणारा सांगत असेल तर ते खोटं आहे.

देशी काटक असतात? रस्त्यावर जगलेली आपल्याला दिसतात, मेलेली पिल्लं मोजतं कोण? २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांतल्या काहींत डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू सापडला. सिंहापेक्षा काटक कोण?

राहिला धंदा. सगळ्याच लसी दरवर्षी लागत नाहीत, हे खरं. पिल्लाचे डोस आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाला, की डिस्टेंपर आणि पार्व्होची लस तीन वर्षांच्या आत पुन्हा द्यायची गरज नसते, असंच आंतरराष्ट्रीय पशुवैद्यक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. हे डॉक्टरांना जरूर विचारा. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या रोगाच्या) लसीचं तसं नाही. तिचं संरक्षण साधारण वर्षभरच पुरतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून हा रोग माणसांनाही होतो. रेबीजवर तर घासाघीस नकोच. लक्षणं दिसल्यावर जनावर काय, माणूसही जवळपास वाचत नाही.

लसीनंतर एखादा दिवस मरगळ, टोचल्या जागी गाठ येऊ शकते. तोंड सुजलं किंवा धाप लागली तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. असं क्वचित होतं, पण टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबलेलं बरं. आणि निघण्याआधी लसीकरणाची पुस्तिका उघडून बघा: बाटलीवरचं स्टिकर, बॅच क्रमांक, मुदत, सही आणि पुढची तारीख.