‘लिनक्स टाकलंत की वायफाय गेलं’: त्या फॉरवर्डचा समाचार

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागला. मथितार्थ असा: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी खुली ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू नका, त्यावर वायफाय चालत नाही. चालवायचंच तर कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवा, पण त्यासाठी नेट लागणार, म्हणजे अडकलातच. मग डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफाय) घ्या, नाहीतर सरळ नवा लॅपटॉप. कोथरूडपासून हडपसरपर्यंत हा मजकूर स्वल्पविरामाचाही फरक न पडता पोचलाय.

‘वायफाय चालत नाही.’ कोणाचं? झाकणावर कोणत्या कंपनीचं नाव आहे याला इथे काडीची किंमत नाही, आतल्या कार्डावरची चिप कोणाची ते बघायचं. इंटेलची असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. एथेरॉसची ‘एटीएच९के’ ड्रायव्हरवर चालणारी जुनी कार्डं तर वेगळं फर्मवेअरसुद्धा (खुद्द चिपेत भरायचं सॉफ्टवेअर) मागत नाहीत. रिअलटेकच्या ज्या आरटीएल८८२१सीई चिपेने लोकांना रडवलं, तिची सोय २०२०च्या कर्नल ५.९पासून झाली आहे.

राहिलं ब्रॉडकॉम, आणि इथे फॉरवर्डवाल्यांचं थोडं खरं आहे. कंपनीने माहिती दिली नाही म्हणून लोकांनी चिप चाचपून ‘बी४३’ ड्रायव्हर लिहिला, आणि त्याचं फर्मवेअर कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढावं लागे. २०१०च्या सप्टेंबरात कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला, पण तो निवडक चिपांपुरता. बीसीएम४३१४२ असेल तर आजही ‘डब्ल्यूएल’ नावाचा बंदिस्त ड्रायव्हर घालावा लागतो. उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीत तो ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये मिळतो. कटकट आहे, मान्य. पण एका कंपनीच्या काही चिपांवरून सगळ्या लॅपटॉपांना मोडीत काढायचं?

तुमच्याकडे काय आहे ते बघायला काही इन्स्टॉल करायची गरज नाही. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (म्हणजे ज्यावरून लिनक्स थेट चालतं त्या) मशीन सुरू करा, ‘ट्राय’ निवडा, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ द्या (इंग्रजी लिपीत, अर्थात: lspci -nnk). ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. तिथल्या चौकोनी कंसात ८०८६ने सुरू होणारा आकडा दिसला तर चिप इंटेलची. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे, आणि दोष दुसरीकडे शोधायचा. ती ओळच नसेल तर ड्रायव्हरचा प्रश्न.

दुसरीकडे म्हणजे कुठे? टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) देऊन बघा. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ आलं तर लॅपटॉपच्या कडेचा बारका स्विच किंवा वायफायचं बटण बंद आहे. काही मशीनवर विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ कार्ड अर्धवट झोपवून ठेवतं, ते बंद करून पूर्ण शटडाउन केलं की कार्ड हजर. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असताना बाहेरून घातलेला ड्रायव्हर सहीअभावी नाकारला जातो, तो तिसरा प्रकार.

‘कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर’ हा तर विंडोजचा संस्कार. इथे ड्रायव्हर कर्नलबरोबर येतो, फर्मवेअर वितरणाच्या, म्हणजे उबुंटू-डेबियनसारख्या लिनक्सच्या आवृत्तीच्या, पॅकेजमधून. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर पूर्वी नसायचं. जून २०२३च्या डेबियन १२पासून असतं. आणि नेटच लागलं तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल. घरोघरी फोन असताना ‘अडकलात’ कसले?

डोंगलचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन ‘वायफायचा डोंगल द्या’ म्हटलंत की हातात पडेल तो बहुधा रिअलटेकचाच, म्हणजे ज्या भानगडीला भिऊन गेलात तीच विकत घेऊन आलात. यातले काही डोंगल लावल्या लावल्या स्वतःला वायफाय नव्हे, तर विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी म्हणून पेश करतात. ‘यूएसबी मोडस्विच’ नावाच्या प्रोग्रॅमने त्यांना ताळ्यावर आणावं लागतं. त्यापेक्षा आतलं कार्ड बदलणं बरं. कार्ड खोचायची एम.२ प्रकारची खाच असेल तर इंटेलचं एएक्स२०० घ्या. एएक्स२०१ नको, नंबर एकाने पुढचा असला तरी ते इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालतं, एएमडीच्या मशीनवर मुळीच नाही. कार्ड बोर्डावर डकवलेलं नाही ना, आणि बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) परकं कार्ड नाकारत नाही ना, एवढं आधी पाहा.

आता नवा लॅपटॉप. इथे फॉरवर्ड पार उलटा पडतो. जुन्या मशीनच्या बहुतेक चिपा कर्नलला पाठ आहेत, अडचण ताज्या चिपांचीच होते. रिअलटेकच्या आरटीएल८८५२बीईला जागा मिळाली २०२३च्या कर्नल ६.२मध्ये, उबुंटू २२.०४ मूळ ५.१५ कर्नलवर आली होती, त्यामुळे त्या चिपेचा नवाकोरा लॅपटॉप घेतलेल्यांना वायफाय सापडेचना. तेव्हा नवा घेऊन लिनक्सच टाकायचं असेल, तर हप्ते ठरवायच्या आधी दुकानदाराला वायफाय चिपेचा नंबर विचारा. तो ‘सगळं चालतं हो काका’ म्हणाला, तर खिशातला लाइव्ह पेन ड्राइव्ह काढून डेमोच्या मशीनला लावू द्यायला सांगा.