'बॅथ' म्हणणारी लेक आणि पुण्याचे काका

घरच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चाललाय. माझी लेक व्हिडिओत 'बॅथ' म्हणाली, 'ग्लास'चं 'ग्लॅस' केलं, आणि पुण्याच्या काकांनी लिहिलं, "इंग्लंडात राहून पोरगी अमेरिकन बोलायला लागली की गं! खरं इंग्रजी ते ब्रिटिशच." खाली अंगठ्यांची रांग.

काका, पोरगी लीड्सची आहे, म्हणजे उत्तर इंग्लंडची. इथे बस ड्रायव्हरपासून तिच्या हेडटीचरपर्यंत सगळे 'बॅथ'च म्हणतात. तो लांबलचक 'बाऽथ' लंडनकडचा. आणि खऱ्या-खोट्याचंच म्हणाल, तर 'कार'मधला शेवटचा र अमेरिकेनं जपला. इथून लोक तिकडे गेले तेव्हा तो इथेही होता, लंडननं तो नंतर गिळला. तुम्ही 'वॉटर' म्हणताना र असा ठणकावता, की बॉस्टन सोडून बहुतेक अमेरिकेला तुम्ही घरचे वाटाल. अमेरिकन वाटणारे 'फॉल' (म्हणजे ऑटम) आणि 'गॉटन' (म्हणजे गॉट) हेसुद्धा इथूनच बोटीत बसून गेलेले शब्द. उलट 'सॉकर' हे फुटबॉलला ऑक्सफर्डच्या पोरांनी पाडलेलं नाव, आणि आता त्यावरून इथले लोक अमेरिकनांनाच हसतात.

स्पेलिंगचं खापर मात्र अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरवर फोडा, माझी हरकत नाही. त्याच्या १८२८च्या कोशानंतर 'कलर'मधला यू अमेरिकेतून गेला तो गेलाच. 'टंग' आणि 'विमेन'ची स्पेलिंगंही तो उच्चाराबरहुकूम सरळ करायला निघाला होता, ती त्याच्याच लोकांनी उडवून लावली.

फरक आहेतच. न्यू जर्सीच्या ऑफिसात 'क्वाइट गुड' म्हणजे खरंच छान. लीड्समध्ये तेच म्हणजे 'ठीक आहे, चालवून घेऊ'. हे तोंडानं स्तुती आणि पोटात नापसंती पुणेकराला आयतं जमेल.

एवढं का झोंबलं? मी बार्शीची. पुण्याला शिकायला आले तेव्हा मेसमध्ये 'पानी' मागितलं की शेजारचं टेबल हसायचं, आणि काका तर जेवता जेवता थांबून शब्द दुरुस्त करायचे. तेच काका आता लीड्सच्या पोरीचं इंग्रजी दुरुस्त करतायत. १९४१ साली बीबीसीनं बातम्या वाचायला विल्फ्रेड पिकल्स हा हॅलिफॅक्सचा, आमच्या यॉर्कशरचा माणूस बसवला, तेव्हाही श्रोते कुरकुरले होते. आज तिथे स्कॉटिश काय, वेल्श काय, सगळे हेल ऐकू येतात. आपल्याकडे निवेदकानं 'आनि' म्हणून बघावं.

अर्थात माझी इथली मैत्रीण लंडनच्या मीटिंगमध्ये गेली की तिचा 'बॅथ' आपोआप लांबतो, हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही. मला मात्र इथे बरं वाटतं, कारण माझ्या बोलण्यातली बार्शी इथे कुणाला कळतच नाही. त्यांच्या लेखी मी नुसती इंडियन. एवढ्या लांब येऊन मिळालेली ही मोकळीक थोडी लाजिरवाणीच आहे.

आईशी फोनवर माझं 'पानी' आपसूक येतं, काकांशी 'पाणी'. लेकीला मी 'पाणी'च शिकवलंय. आई परवा नातीशी बोलली आणि मला म्हणाली, "लई पुनेरी बोलती गं तुझी पोरगी." तिला ते कौतुकानं म्हणायचं होतं की टोमणा होता, मी विचारलं नाही. काकांना उत्तर लिहायला घेतलंय. पाठवण्याआधी सगळे न-ण तपासून झालेत.